गुडघा आणि उडदाचे पापड

मी पी.टी.ची बाई. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत मुलांना पळवणं, घाम काढणं आणि रांगेत उभं करणं हा माझा धंदा. लॉकडाऊन लागला आणि शाळा बंद झाली, तेव्हा गणिताच्या बाईंना फळा मोबाईलवर मिळाला, मराठीच्या सरांना पुस्तक मिळालं. मला मैदान कुठून मिळणार? शिट्टी तेवढी घरी होती. ती एकदा सवयीने वाजवली तर नवऱ्याच्या हातातला चहा सांडला, तेव्हा तीही कपाटात गेली.

मग मुख्याध्यापकांचा फोन आला. मुलं घरात बसून सुस्त होतायत, आईबाप वैतागलेत, तेव्हा तुम्ही पालकांचा ग्रुप करा आणि घरच्या घरी काय करून घ्यायचं ते त्यांना दाखवा. मला एकदम हुरूप आला. दिवाण भिंतीला लावला, हॉल मोकळा केला आणि नवऱ्याला कॅमेरामन केलं. पहिल्या व्हिडिओत माझं मुंडकंच नव्हतं. दुसऱ्यात मुंडकं होतं, पण "हात वर" म्हटलं की कुकरची शिट्टी व्हायची. तिसरा बरा निघाला. तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'रोज मुलांकडून करून घ्या आणि व्हिडिओ पाठवा.'

व्हिडिओ यायला लागले आणि मी हरखून गेले. काय एकेक पोरगं! शाळेचा इस्त्रीचा गणवेश, तेल लावून चापून बसवलेला भांग, घरात पांढरे कॅनव्हासचे बूट. मागे दिवाणावर नवी चादर. शोकेस पुसून लख्ख. एका घरात तर पोराच्या बाजूला समईसुद्धा लावलेली होती. बाप मोठ्याने आकडे म्हणतोय, पोरगं उड्या मारतंय, कोपऱ्यातून आजी पदर सावरत निघून जातेय. मी सगळ्यांना शाबासकी धाडत होते आणि नवऱ्याला दाखवत होते, "बघ, ह्याला म्हणतात शिस्त."

एके दुपारी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. ते मालवाहू रिक्षा चालवायचे. रमजान चालू होता, आवाज कोरडा पडला होता. म्हणाले, "मॅडम, रोजा है, झूठ नहीं बोलूंगा. लड़का व्हिडिओ के वास्ते दो मिनट कूदता है, बाद में दिनभर मोबाईल लेके पड़ा रहता है. मेरे घर में अकेले नहीं, सबके घर में यहीच है. पूछ लो."

मी पूछ लिया. आणि खरंच तसंच होतं. व्हिडिओ संपला की गणवेश हँगरला आणि पोरगं आडवं. एका आईने तर हसत हसत सांगून टाकलं, "मॅडम, आम्ही रविवारीच आठवड्याचे सगळे व्हिडिओ काढून ठेवले. मागची चादर बदलून बदलून." मला इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी एकटीच हॉलमध्ये येरझाऱ्या घालत बसले. पण रागावू कोणावर? शाळेकडून आलं म्हणजे ते गृहपाठ. गृहपाठ सुबक करायचा, बाईंना दाखवायचा आणि दप्तरात टाकायचा, ही रीत आम्हीच लावलेली. आईबापांनी ती इमानाने पाळली, एवढंच.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'आजपासून व्हिडिओ बंद. कवायतही बंद. घरात जे अंगमेहनतीचं काम असेल ते पोरांना द्या. पोरींना द्या, तसं पोरांनाही द्या. मला काही पाठवू नका.'

उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला काय तोटा? नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरायची असतात. कूलर तर दुपारपर्यंत निम्मा पिऊन मोकळा होतो, त्यात बादल्या ओतायच्या. हिवाळ्यातल्या गोधड्या टबात टाकून पायाने तुडवायच्या, मग दोघांनी दोन टोकं धरून पिळायच्या. गच्चीवर सडा मारायचा, म्हणजे रात्री झोपताना पाठ भाजत नाही. दोनचार बापांनी कुरकुर केली, "मॅडम, मुलाला पाणी भरायला लावायचं?" मी म्हटलं, "का, पाणी तो पीत नाही का?" त्यावर आयांचे हसरे चेहरे ग्रुपवर धडाधड पडले. थोड्याच दिवसांत एका आईचा आवाज आला, "मॅडम, काल हा ताटावरच पेंगला हो!" मला माझ्या नोकरीत एवढं मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.

पण एका घरातून अक्षर येत नव्हतं, आणि ते घर माझ्या भिंतीला भिंत लावून होतं.

शेजारी तीन जणी होत्या. पाचवीतली मुलगी, तिची आई आणि तिची आजी, जिला आख्खी गल्ली अक्का म्हणायची. मुलीचे वडील वरणगावच्या कारखान्यात नोकरीला. एरवी ते दर शनिवारी घरी यायचे, आता तिकडेच अडकले होते. थंडीत ही पोर सायकलवरून पडली होती आणि गुडघ्याशी हाड मोडलं होतं. लॉकडाऊनच्या तोंडावर प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता रोज व्यायामाला आणा, गुडघा वाकवायचा आहे. आणि लगेच ते व्यायामाचं केंद्रच बंद झालं. पोर घरी बसली. पाय ओंडक्यासारखा सरळ.

तिची आई एकदा फाटकाशी उभी राहून माझ्याशी बोलली. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, तरी रडवेले आहेत हे कळत होतं. "डॉक्टर फोनवर म्हणाले, हाड जुळलंय, काळजी नाही. पण हे दोनतीन महिने गुडघा वाकवला नाही तर तो असाच आखडून राहील. मग भूल देऊन वाकवावा लागेल, आणि तरी पूर्ण वाकेलच असं नाही. मी करून घ्यायला जाते, ती किंचाळते, आणि अक्का मला ओरडतात."

अक्कांनी नातीला झोपाळ्यावर बसवलं होतं. तिथेच ताट, तिथेच पाणी, तिथेच मोबाईल. न्हाणीत जायचं तर आई एका बाजूने, अक्का दुसऱ्या बाजूने. पोरगी उठायला लागली की अक्का धावायच्या. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. दोन गच्च्यांच्या मधे कमरेएवढा कठडा, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे आईने उचलून वर आणलेली ती, खुर्चीत. टाच सरकव, टॉवेल लावून ओढ, गाणं म्हण, चॉकलेट देते. ती जराशी टाच सरकवायची, ओठ थरथरायला लागायचे, की अक्का मधे यायच्या. "ऱ्हाऊ दे वं मास्तरीण! पोरना पायले काही व्हयनं ते कोन दखी? तू?"

मी तोंडाची फटकळ. मीही म्हणायची, "अक्का, नाही वाकवला तर काय होईल ते कोण बघेल?" मग अक्का दोन दिवस माझ्याशी बोलायच्या नाहीत. त्यांना मी दुष्ट वाटत होते आणि मला त्या हट्टी. खरं तर आम्ही दोघीही घाबरलेल्या होतो. मला रात्री झोपताना तो सरळ पाय दिसायचा. ही मुलगी मला धावताना माहीत होती.

अशात मे महिना आला आणि पापडांचे दिवस आले.

आमच्या गल्लीत उडदाचे पापड कोणी एकटीने करत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा पाळ्या लागतात. ज्या घरी पापड, तिथे सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन पहाटेच हजर. पिठाला पाणी किती, पापडखार किती, हिंग कधी, ते सगळं अक्का ठरवणार. कुटलेल्या पिठाची चिमूट तोंडात टाकून त्यांनी मान हलवल्याशिवाय पहिला पापड लाटला जात नाही. त्या वर्षी हे सगळं बंद होतं. ज्याने त्याने आपापल्या घरी, जमेल तेवढे करायचे, असं कठड्याकठड्यावरून ठरलं होतं. अक्काही म्हणाल्या होत्या, "आम्ही थोडेसेच करसू."

त्या सकाळी मी गच्चीवर गेले तेव्हा अजून ऊन चढायचं होतं. शेजारच्या गच्चीवर जिन्याच्या छपरीच्या सावलीत अक्का दगडी पाट्याशी बसल्या होत्या आणि समोर पिठाचा डोंगर होता. दरवर्षी असतो तेवढा. हात त्यांचे सवयीचे. पहाटे उठून, देवाचं नाव घेत, त्यांनी गल्लीभरच्या बायका येणार आहेत अशा मापाने पीठ भिजवून टाकलं होतं. मग भानावर आल्या.

"माय वं," त्या कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "आते काय करू? बठ्ठं पीठ सुकी जाई!"

उडदाचं पीठ कोणासाठी थांबत नाही. आमच्याकडचा मे महिन्यातला वारा लागला की ते फुटायला लागतं. सून लाटायला बसली, अक्का कुटायला बसल्या. मी कठड्याशी माझं पोळपाट घेऊन उभी राहिले. "द्या इकडे लाट्या," म्हटलं. पलीकडच्या दोन गच्च्यांवरूनही हाका आल्या. पण लाट्या पोचवणार कोण? लाटलेले पापड छपरीखालून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वाळवणाच्या साडीवर नेऊन टाकणार कोण? सून उठली तर लाटणं थांबतं, अक्का उठल्या तर कुटणं थांबतं.

पोरगी छपरीखाली खुर्चीवर बसून मोबाईल पाहत होती. पाय पुढे, स्टुलावर.

अक्कांनी मान वर केली नाही. मुसळाचा घाव घालत, तेलाचा हात कपाळाला पुसत त्या ओरडल्या, "वं पोरी, बठी काय ऱ्हायनी? ऊठ! हाई ताट मास्तरीणले दी ये!"

पोरगी उठली. तिच्या आईचं लाटणं थांबलं, तोंड उघडलं. मी कठड्यावरून तिला खूण केली, गप्प. एक शब्द बोलू नकोस.

पाय ओढत, भिंतीला हात लावत ती कठड्यापर्यंत आली आणि लाट्यांचं ताट माझ्या बाजूला सरकवलं. मी पलीकडच्या गच्चीकडे बोट दाखवलं, तर ती तिकडेही गेली. परतताना आईच्या पोळपाटावरचे पापड तिने दोन्ही हातांवर घेतले आणि साडीपाशी गेली. आता खरी गंमत. पापड उभ्याने टाकता येत नाही. ती सरळ पाय मागे ठेवून कमरेतून वाकली आणि पापड वरूनच सोडला. त्याची घडी पडली.

अक्कांना पापडाची घडी दिसली. पाय नाही दिसला. "डोया फुटना का तुना?" त्या कडाडल्या. "पापड असा टाकतस? नीट बठीसन टाक!"

पोरगी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने एक हात जमिनीवर टेकला. गुडघा थोडा वाकला. चेहरा वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण दुसऱ्या हातावर पापड होते आणि पाठीमागे आजी. तिने पापड सरळ केला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. उठली. परत आली. परत गेली. मी लाटायचं विसरून तिच्याकडे बघत होते, तर अक्कांनी मलाही झापलं, "मास्तरीण, तुना पापड दख, नकाशा व्हयना!" माझे पापड खरंच कुठल्याशा देशाच्या नकाशासारखे झाले होते.

ऊन चढत गेलं. मधे पोरगी जिन्याच्या पायरीवर बसली, आजीने दोऱ्याने कापलेल्या लाट्यांतली एक तेलात बुडवून खाल्ली, आणि पुन्हा उठली. प्रत्येक वेळी ती जमिनीच्या जरा जवळ जात होती. सगळं पीठ संपेपर्यंत साडी पापडांनी भरून गेली होती आणि पोरगी साडीच्या कडेला बसून वाऱ्याने उडणाऱ्या पापडांवर खडे ठेवत होती. गुडघा पूर्ण नव्हता वाकलेला. पण ती खाली बसलेली होती.

अक्का मुसळ ठेवून उठल्या, कमरेवर हात ठेवून साडीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. जिना उतरून खाली गेल्या. मला वाटलं, आता त्यांना कळलं, आता पुन्हा झोपाळा.

संध्याकाळी पापड गोळा करायला पोरगी आईबरोबर वर आली आणि हळूच कठड्याशी आली. गुडघा सुजला होता.

"दुखतोय?" मी विचारलं.

"खूप. पण आजीला सांगू नका बाई. परत झोपाळ्यावर बसवेल." मग ती गालात हसली. "बाई, आज आजी मला ओरडली. किती दिवसांनी!"

प्लास्टर लागल्यापासून त्या घरात तिला कोणी रागावलं नव्हतं. सगळे तिच्याशी हळू आवाजात, गोड गोड बोलत होते. पोरीला वाटत असणार, आपलं काही खरं नाही.

तिच्या आईने आणि मी त्या दिवसापासून एक कारस्थान केलं. सूज उतरेस्तोवर एक दिवस विश्रांती, डॉक्टरांना फोन, 'हळूहळू वाकवत राहा' एवढा त्यांचा होकार, आणि मग घरात व्यायाम हा शब्द उच्चारायचा नाही. नुसती कामं काढायची. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, घातले. एरवी त्या घरात चार थापतात, त्या वर्षी पाहुण्यांना पुरतील एवढे थापले, आणि सगळे पोरीने बसून उलटवले. मग कुरडया. मग शेवया. मग धान्याला ऊन देणं. काम संपत आलं की मी कठड्यावरून हळूच विचारायची, "अक्का, मला मसाल्याच्या मिरच्या निवडून द्याल का?" आणि अक्का पोरीला हाक मारायच्या. त्या ऐन कामात असल्या की नात आजारी आहे हे विसरायच्या, आणि काम नसलं की त्यांना ते आठवायचं. म्हणून आम्ही त्यांना रिकामं ठेवलंच नाही. नवरा म्हणाला, "पोरीपेक्षा अक्कांचाच व्यायाम जास्त झाला." तेही खरं होतं.

ग्रुपवर मी ही हकिगत कोणाचं नाव न घेता सांगितली. त्यावर त्या रिक्षावाल्या भाऊंनी लिहिलं, 'मॅडम, हमारे लड़के को भी डाँट चाहिये क्या? बोलो, रेडी है.'

पावसाळ्यात दवाखाने सुरळीत झाल्यावर तिघी डॉक्टरांकडे गेल्या. तिथे काय झालं ते पोरीच्या आईने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, पोरीला उकिडवं बसायला लावलं, आणि चकित होऊन विचारलं, "छान वाकतोय की! व्यायाम कोणी करून घेतला?"

अक्का पुढे सरसावल्या. "कसाना व्यायाम, साहेब? मी तिले जागावरथीन हालू दिधं नही. म्हनीसन बरा व्हयना!"

डॉक्टर मान डोलवत राहिले. सून आणि नात एकमेकींकडे बघायलासुद्धा धजल्या नाहीत.

मीही पोट धरून हसले. मग मी म्हटलं, "म्हणजे अक्कांना शेवटपर्यंत कळलंच नाही म्हणायचं."

तिची आई म्हणाली, "तेच मला कळत नाही, बाई." दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती औषधाच्या दुकानात गेली होती. परत आली तर अक्का दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या, आणि समोर पोर. अक्का तिला म्हणत होत्या, "आखो एकदा बठ, माय." पोर बसली, उठली. "आखो एकदा." ती परत बसली. येणारी-जाणारी माणसं बघत होती. अक्कांनी मास्क खाली ओढून पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा म्हणाल्या, "आखो एकदा." पोरगी एकदाही कंटाळली नाही. आजीचं मन भरेपर्यंत ती बसत राहिली आणि उठत राहिली.